उन्हात ठेवलेला डबा

७ एप्रिल २०२५
उरण नाका, पनवेल

परेश,

फोन करत नाही. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून सुटतोस. हे पत्र तुझ्या बडोद्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे सही करून घ्यावं लागेल आणि मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

काल गव्हाणला गेले होते. आईने बोलावलं होतं. बाबांच्या छातीचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं, आता क्लॅरिनेटला तोंड लावायचं नाही. पन्नास वर्षं लग्नांत, हळदींत, मिरवणुकांत वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकवलं. तो फक्त आईला म्हणाला, "पेटी प्राचीला दे." मी समोरच बसले होते. पण मला नाही म्हणाला. आमचं बोलणं किती असतं ते तुला ठाऊक आहे. "पाणी हवंय का?" "नको." बारा वर्षं एवढंच.

क्लॅरिनेटची पेटी माझ्या दुकानात आणून उघडली. तळाची मखमल एका कोपऱ्यात सुटली होती. तिच्याखाली कागदाची पुडी, आणि पुडीत क्लॅरिनेटला लावायच्या चार रीड.

रीडवर तारीख लिहायची बाबांची सवय तुला आठवत असेल. कुठली रीड कधी काढली, कुठे वाजली, कधी थकली, सगळं पेन्सिलने. या चारांवर काही नव्हतं. पण पुडीच्या कागदावर होतं. तसंच उतरवून देते:

"२१ मे २०१३. अलिबाग. परेशने गाडीत उन्हात ठेवल्या. प्राचीला सांगू नये."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून खाली फरशीवर बसले.

त्या दिवसाबद्दल मला काय माहीत होतं ते सांगते, म्हणजे तुला कळेल की बारा वर्षं मी काय धरून बसले होते. पोलीस बँडच्या भरतीचा दिवस. मी सत्तावीस वर्षांची. पळण्यात पास झाले. दुपारी वाजवायला उभी राहिले, आणि पहिलाच सूर किंचाळला. टेबलामागचे साहेब चांगले होते. म्हणाले, "पाणी प्या, दुसरी लावा." दुसरी लावली. तिसरी लावली. चौथीतून नुसती हवा गेली. ते खाली बघत म्हणाले, "पुढचा उमेदवार."

परतीच्या वाटेत गाडी चालवताना तू म्हणालास, "टेन्शन घेतलंस ना तू?"

घरी आल्यावर मी आत जाऊन पडले. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा बाबांनी रीडचा डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "कच्च्या निघाल्या. मीच निवडल्या, माझीच चूक हाय." आणि मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं त्यांच्यावर ओरडले. मी म्हणाले, मुलगी बँडमध्ये नोकरीला गेलेली तुम्हाला नकोच होती, म्हणून टाकाऊ रीड दिल्यात. त्या महिन्यात घर सोडलं.

तू त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत उभा होतास.

मला एकच उत्तर हवं आहे. कागदावर लिहिलंय ते खरं आहे का?

प्राची


१९ एप्रिल २०२५
पनवेल

परेश,

पत्राचं उत्तर व्हॉइस मेसेजने देतोस. एक मिनिट चाळीस सेकंद. चार वेळा ऐकला. "ताई, बारा वर्षं झाली गं. तेव्हा लग्न झालं नव्हतं, मितालीला भेटायला बीचवर गेलो होतो, गाडी उन्हात राहिली, डबा डॅशबोर्डवर होता. चुकून झालं. नंतर उघडून बघितला तेव्हा जरा वाकड्या वाटल्या, पण मला काय कळतंय त्यातलं?"

तुला काय कळतंय त्यातलं!

तू महादेव म्हात्रेंचा मुलगा आहेस. अक्षरं यायच्या आधी तुला रीड ओली करता येत होती. खिडकीच्या काचेवर अंगठ्याने रीड दाबून धरायचं काम बाबा तुला द्यायचे, कारण धाकटा असूनही तुझा अंगठा माझ्यापेक्षा रुंद होता. आणि तुला कळत नाही?

तर मग सांगते. माझं पोट याच्यावर चालतं. उरणपासून पेणपर्यंतचे बँडवाले, शाळांची पथकं, सगळे वाकलेल्या रीड माझ्याकडे आणतात. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. तोंडाने ओली होते, मग सुकते. सावलीत सपाट काचेवर सुकली तर सरळ राहते. एका बाजूने घाईत सुकली की वाकते. नुसतं टोक लाटेसारखं झालं असेल तर दहा मिनिटं पाण्यात ठेवली की आपोआप बसतं. पण पाठ वाकली की रीड माउथपीसवर टेकत नाही, खालून हवा निसटते, आणि तिथूनच ते किंचाळणं येतं. तीसुद्धा सरळ होते. कोमट पाण्यात भिजवायची, काचेवर दाबून ठेवायची, मग काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर पसरून पाठ अलगद घासायची. काच परत लावून बघायची, खालून उजेड दिसला तर परत घासायची. एका रीडला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास.

तू डबा मला एक वाजता दिलास. माझा नंबर अडीचला आला. दीड तास, परेश. काच डब्यातच होती. पॉलिश पेपर क्लॅरिनेटच्या पेटीत होता. नळ समोर होता. तू फक्त एवढं म्हणायचं होतंस, "ताई, रीड बघ." चारांतली एक तरी मी वाचवली असती. एकच लागत होती.

माझीही चूक सांगून टाकते, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एक वाजता मी डबा उघडला नाही. सकाळी चारही वाजवून बघितल्या होत्या, छान बोलत होत्या, म्हणून हात लावायला नको वाटलं. आत जायच्या पाच मिनिटं आधी पहिली तोंडात धरली. जिभेला काहीतरी वेगळं लागलं. वाटलं, आपलंच तोंड भीतीने सुकलंय.

माझ्याच तोंडावरचा विश्वास गेला. "टेन्शन घेतलंस ना?" हे मी खरं मानलं. पुढच्या दोन भरत्यांचे फॉर्म आणले आणि भरले नाहीत. मग वय गेलं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या रीडवर दोन सूर काढून बघते आणि वाद्य खाली ठेवते. एक अख्खं गाणं वाजवलेलं नाही.

मला त्या बीचबद्दल राग नाही. विसरतो माणूस. त्या दीड तासाबद्दल आहे.

प्राची


४ मे २०२५
पनवेल

परेश,

हे पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. ऑफिसात आलेली तू ड्रॉवरमध्ये टाकतोस असं दिसतं.

मी गव्हाणला जाऊन बाबांना विचारलं. पुडी त्यांच्या समोर ठेवली. ते कॉटवर बसले होते, पाठीला दोन उशा. कागद बघितला आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू आत पडली होतीस तवा तो रडला माझ्यासमोर," बाबा म्हणाले. एकेक वाक्याला दम लागत होता. "बोल्ला, मितालीला भेटायला गेलो होतो. तिच्या घरचे आधीच नाय बोलत होते. त्यात असा काय कानावर गेला असता तर लग्नच मोडला असता. आणि बोल्ला, ताई मला जन्मात तोंड दाखवनार नाय."

"आणि मी? माझं काय?"

"तू माझ्यावर ओरडशील, मग गप होशील असा वाटला. बापावर पोरगी ओरडली तर काय होतंय?" दम घेतला. "पुढच्या भरतीला जाशील असा वाटला. तुझ्यात दम हाय. त्याच्यात नाय."

मी म्हणाले, "दम होता म्हणून माझ्यावर टाकलंत?"

उत्तर आईने दिलं, स्वयंपाकघरातून. भांडी घासायची थांबवून म्हणाली, "मी तवाच बोलली होती यांना, पोरीला सांगा म्हणून."

म्हणजे आईलाही माहीत होतं! चौघांच्या घरात तिघांना माहीत होतं. दिवाळीला मी फराळाचा डबा दारातूनच देऊन जायचे, बाबा आत बसलेले असायचे, आणि तुम्ही तिघं मला जाताना बघत होतात.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, शेजारच्या कमळाबाईंनी ऐकलंय, त्यांना विचार. बाबांना खोकल्याची उबळ आली तेव्हा थांबले. पाठ चोळायला हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं, बारा वर्षांत या माणसाला हात लावलेला नाही. बरगड्या हाताला लागतात आता.

हा माणूस तुझं लग्न टिकावं म्हणून माझ्या शिव्या खात राहिला. त्याची आजची अवस्था तू बघितलेली नाहीस. गणपतीला दोन दिवस येतोस, मोदक खातोस आणि जातोस.

प्राची


१८ मे २०२५
पनवेल

परेश,

मिताली फोनवर काय म्हणाली ते तुला तिने सांगितलं असेल, किंवा नसेल. मी सांगते. तू आता काय जुळवाजुळव करणार आहेस ते मला बघायचं आहे.

मागचं पत्र तिने उघडलं. परवा तिचा फोन आला. आवाज इतका सरळ होता की मला आधी ओळखूच आला नाही.

"ताई, ती तारीख नक्की एकवीस मेच ना?"

"हो."

"मी त्या दिवशी अलिबागला नव्हते. परीक्षा संपल्याबरोबर आईने मला साताऱ्याला मामाकडे पाठवलं होतं. फोन काढून घेतला होता माझा. जून लागेपर्यंत आमची भेटच झाली नाही."

मी म्हणाले, "तुला दुसरा कुठला दिवस आठवत असेल."

"ताई, एकवीस मेला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. अल्बम आहे माझ्याकडे. मी आहे त्यात. माझं नाव घेऊन यांनी बाबांना हे सांगितलं? बारा वर्षं तुमच्या घरात माझ्यामुळे हे सगळं झालं असं समजतात?"

ती रडत नव्हती. चिडली होती. मला तुझी बायको पहिल्यांदाच आवडली.

तर आता मी बसून आठवते आहे. पळण्याआधी सामान बाहेर ठेवायला सांगितलं, म्हणून नऊ वाजता मी दोन वस्तू तुझ्याकडे दिल्या. रीडचा डबा आणि क्लॅरिनेट. रीड नुकत्याच वाजवलेल्या, ओल्या. एक वाजता दोन्ही परत घेतल्या. डबा माझ्या पिशवीत गेला, तो गरम होता की नाही ते आठवत नाही. पण क्लॅरिनेट पेटीतून काढलं तेव्हा हाताला गार लागलं होतं. हे पक्कं आठवतं, कारण मला बरं वाटलं होतं. मी तुला म्हणालेसुद्धा, "नीट सावलीत ठेवलंस रे."

तू घड्याळाकडे बघायला लागलास.

ज्या गाडीत डबा चार तास उन्हात विसरला, त्याच गाडीत क्लॅरिनेट सावलीत कसं राहिलं?

नऊ ते एक तू कुठे होतास? या वेळी व्हॉइस मेसेज नको. लिहून पाठव.

प्राची


२९ मे २०२५
पनवेल

परेश,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून किती वर्षं झाली होती! अजून 'र'ची शेपटी तशीच ओढतोस.

तुझ्याच ओळी तुला परत वाचायला देते, कारण आपण काय लिहिलं ते पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर माणूस विसरतो.

"पळायला जायच्या आधी तू कुंपणाशी उभी राहून वाजवलंस. आजूबाजूची सगळी मुलं थांबून ऐकत होती. मला ते सहन झालं नाही. बाबांनी मला बाराव्या वर्षी सांगितलं, तुझ्यात फुंक नाही, तू ढोलाकडे जा. त्यानंतर त्यांनी मला काचेवर रीड दाबायलाही बोलावलं नाही. मी डबा डॅशबोर्डवर ठेवला. काचा वर केल्या. क्लॅरिनेट बाबांचं होतं म्हणून ते बरोबर घेतलं. मग समोरच्या झाडाखाली बसलो. दोनदा उठलो. दोनदा परत बसलो."

हे वाचून मी काय केलं माहीत आहे? समोर एका शाळेच्या सहा रीड भिजत पडल्या होत्या. त्या सहाही नीट केल्या. सगळं काम संपवून हात धुतले, आणि मग तोंडावर पदर धरून ओरडले.

बाबांनी तुला ते म्हणायला नको होतं. बारा वर्षांच्या पोराला असं म्हणत नाहीत. हे मी त्यांनाही सांगणार आहे. पण ते तू त्यांना विचारायला हवं होतंस, त्यांच्यावर ओरडायला हवं होतंस. मी ओरडले की नाही? तू माझ्या रीड उन्हात ठेवल्यास, मग मी घाबरले म्हणून सांगितलंस, मग बाबांच्या पुढ्यात रडलास आणि तेही खोटं. साताऱ्यात बसलेल्या मुलीच्या नावावर.

आणि पत्राच्या शेवटी लिहितोस, "बाबांना एवढं सांगू नकोस, त्यांची तब्येत बघता सहन होणार नाही."

त्यांना काय सहन होतं ते ठरवायला तू कोण? माझ्याबद्दल असंच ठरवलं होतं सगळ्यांनी.

मी सांगणार नाही. तू सांगायचंस. आठ जूनला रविवार आहे. गव्हाणला ये, त्यांच्या समोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर सोमवारी तुझं पत्र त्यांच्या हातात देईन. मितालीला घेऊन ये. तिचीही माफी मागायची आहे तुला, आणि ती बाबांसमोर मागायची आहे.

प्राची


९ जून २०२५
पनवेल

परेश,

काल तू आलास, एवढं तुझ्या बाजूने लिहिते. मला वाटलं होतं, येणार नाहीस.

तू बोलत होतास तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडे बघत होते. झाडाखाली बसलो होतो, असं तू म्हणालास तेव्हा त्यांनी मांडीवरचा टॉवेल घट्ट धरला. मिताली तिथे नव्हतीच, असं म्हणालास तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. आई भिंतीला टेकून खाली बसली.

"मग मी कोनाला वाचवला?" बाबा म्हणाले.

तू खाली बघत होतास. त्यांनी परत विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून. "प्राची, मी कोनाला वाचवला गं?"

बारा वर्षं मनात या माणसाला काय काय ऐकवलं, आणि काल एक शब्द सुचला नाही. तू उठलास, त्यांच्या पायाला हात लावायला वाकलास. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही. तू जेवला नाहीस. मिताली जेवली, आईबरोबर, आणि जाताना माझा हात धरून गेली.

फाटकाशी तू मला विचारलंस, "आता झालं ना ताई? केलंस ना माफ?"

तिथे शेजारपाजार होता म्हणून गप्प राहिले. आता सांगते. नाही केलं. तू खरं बोललास ते चांगलं झालं, पण ते मी तुझ्या मानेवर हात ठेवून बोलायला लावलं. माझी सत्तावीस ते एकोणचाळीस ही वर्षं तुझ्या एका दुपारने खाल्ली. त्यातली अर्धी बाबांच्या गप्प बसण्याने खाल्ली, हे मी त्यांनाही तू गेल्यावर सांगितलं. तुला ते काय बोलले होते तेही बोलून दाखवलं. म्हणाले, "असा बोल्लो होतो मी?" त्यांना आठवतही नव्हतं. मग म्हणाले, "बोल्लो असेन. चुकला माझा." हे तुझ्यासाठी होतं, म्हणून पोचवते.

त्यांनाही मी माफ केलेलं नाही. पण त्यांची वाफ मी देते, औषधं मी देते. रोज दुपारी दुकान बंद करून गव्हाणला जाते. आज त्यांच्या कॉटसमोर खुर्ची घेऊन बसले आणि वाजवलं. अख्खं गाणं. ओठ सुजलेत, लिहितानासुद्धा दुखतायत. मधल्या एका जागी श्वास पुरला नाही. त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "इथे आधी घे श्वास. परत." मी परत घेतलं. परत चुकलं. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर आलं असावं. त्यांच्याकडे बघायला मान वर केली नाही.

मला आता लिहू नकोस. माझ्याकडे तुझ्यासाठी दुसरं काही नाही, आणि हा राग मी घाईने संपवणार नाही. तो माझा आहे. कुणी तरी माझ्या वतीने तो मिटवून टाकावा असं आता चालणार नाही.

लिहायचं असेल तर बाबांना लिही. त्यांना चष्म्यानेही नीट दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवीन. जे लिहिशील ते सगळं, मोठ्याने, आईलाही ऐकू जाईल असं. एक ओळही गाळणार नाही.

प्राची